एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघींची साक्ष

पोलिसांबद्दल चांगलं लिहायची मला सवय नाही. ग्लासगोतल्या आमच्या गोव्हन भागातल्या भाडेकरूंच्या भांडणांत पोलिसांनी मला दोनदा हातापायांना धरून उचलून गाडीत टाकलंय, आणि त्यातल्या एकदा माझे पाय धरणारा माणूस सार्जंट आर्ची गिलफिलनच होता. "बाई, जरा अंग सैल सोडा, माझी कंबर धरलीय," असं तो मला तेव्हा म्हणाला होता. मी सोडलं नाही. तेव्हा हे मी मैत्रीपोटी लिहीत नाहीये. ह्यूगी डेव्हानीच्या खुनाचा तपास कसा लागला याबद्दल ग्लासगोच्या वर्तमानपत्रांनी जे छापलं ते खोटं आहे, आणि ज्यानं तो तपास लावला त्याचं नाव त्यात कुठंच नाही. ते मला सहन होत नाही, म्हणून लिहितेय.

आर्ची आमच्याच भागातला. बाप गोदीत जहाजाचे पत्रे ठोकायचा. पोरगा पोलिसात भरती झाला तेव्हा बापानं आठवडाभर जेवताना त्याच्याकडे मीठसुद्धा मागितलं नाही. पुढं आर्चीनं सगळी नोकरी इथंच काढली. बढती सार्जंटपाशी अडकली, कारण दारुड्याशी तो ज्या सुरात बोलायचा त्याच सुरात वरच्या साहेबांशीही बोलायचा. अंगानं आडदांड, कान वाऱ्याला लावल्यासारखे, आणि उन्हाळा असो की हिवाळा, एकच तपकिरी कोट. रविवारी तो रेल्वेच्या रुळांमागच्या पडीक जागेत असायचा. तिथं आमच्या लोकांची कबुतरांची उंच, काळी, पत्र्याची खुराडी आहेत. आपलं कबूतर सोडायचं, त्यानं दुसऱ्याचं भुलवून आणायचं, आणि आलं की ते आपलं, असा तो खेळ.

"पोलीस असून लोकांची कबुतरं चोरतोस?" असं त्याला कुणी हटकलं की तो म्हणायचा, "चोरत नाही. त्यांना माझ्याकडे बरं वाटतं."

कुणाच्या घरात शिरला की आधी टोपी काढायचा, आणि बस म्हटल्याशिवाय बसायचा नाही. त्यामुळे म्हाताऱ्या त्याला चहा द्यायच्या, बिस्किट द्यायच्या, आणि काहीही सांगायच्या नाहीत. आमच्याकडे पोलिसाला चहा देणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं.

आता ह्यूगी. ह्यूगी डेव्हानी जुना वेल्डर. गोदी बंद पडली आणि त्याच्यासारखे शेकडो लोक घरी बसले, पण ह्यूगी बसला नाही. आमच्या भाडेकरूंच्या समितीत तो माझ्या बरोबरीनं उभा राहिला. ह्यूगीच्या इमारतीचा मालक मॉफॅट याला सगळी बिऱ्हाडं बाहेर काढून इमारत नव्यानं बांधून विकायची होती. तळमजला उठला, तिसरा मजला उठला. दुसऱ्या मजल्यावरचा ह्यूगी उठेना, आणि तो उठेना म्हणून पहिल्या मजल्यावरच्या दोघी विधवाही उठेनात. मॉफॅटचा एक माणूस होता, कॉलिन स्ट्रँग. नावाला भाडेवसुली करायचा. खरं काम लोकांच्या दारात उभं राहून त्यांच्या पोरांच्या शाळेची चौकशी करणं.

शनिवारी सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईला ह्यूगी कचऱ्याच्या डब्यांमागे पडलेला दिसला. डोकं फुटलेलं, अंग गार. आधी आलेल्या पोलिसांनी बघितलं आणि एका वाक्यात निकाल दिला: दारुडा होता, पडला. संध्याकाळच्या पेपरातही तेच आलं. ज्या माणसानं दारू सोडल्यावर लोकांच्या लग्नांत लिंबाचं सरबत पिऊन नाच केले, त्याला मेल्यावर एका ओळीत दारुडा करून टाकलं. गरीब माणूस मेला की त्याच्या मरणाचं कारण आधीच लिहून तयार असतं.

आर्ची आला तो त्या चिखलात गुडघ्यांवर बसला आणि प्रेताच्या तोंडाशी नाक नेलं. मी तिथंच उभी होते. "पेपरमिंट. दारूचा वास नाही," तो म्हणाला. मग ह्यूगीचे हात उलटेपालटे करून बघितले. "पडणारा माणूस हात पुढं टाकतो. तळवे खरचटलेले नाहीत. याला कुणीतरी मारून इथं आणून ठेवलाय."

त्याच्या हट्टामुळं शवविच्छेदन नीट झालं. डोक्यावर तीन घाव, बरगड्या मोडलेल्या. खून ठरला. आणि खून ठरल्याबरोबर चीफ इन्स्पेक्टर लॉकहार्ट आले. मग सगळं बिघडलं.

लॉकहार्ट साहेबांचं घर शहराबाहेर, पुढंमागं बाग. आमच्या दगडी जिन्यात ते असे उभे राहिले की कोटाला भिंत लागू नये. त्यांना पहिली गोष्ट सापडली ती ही, की जिना धुतलेला होता. पायऱ्यांच्या सांध्यांत रक्ताचा अंश होता, आणि वरून लख्ख धुणं. आणि धुणारी कोण, तर पहिल्या मजल्यावरची इसा टुमेल्टी. साठी कधीच उलटलेली विधवा. तिचा मुलगा जेरार्ड तिच्यापाशी राहायचा. कोळशाच्या गाडीवर कामाला होता, आणि तरुणपणी एकदा दारूच्या गुत्त्याबाहेर कुणाचा तरी जबडा फोडून तुरुंगात जाऊन आलेला.

इसाच्या दारात जे बोलणं झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"पायरीवर रक्त दिसलं, आणि तुम्ही ते पुसलंत?" लॉकहार्टनं विचारलं.

"पुसत नाही मी," इसा म्हणाली. "धुते."

"रक्त कुणाचं आहे असा प्रश्न पडला नाही?"

"शुक्रवारची रात्र होऊन गेली होती साहेब. शुक्रवारी कुणाचं ना कुणाचं नाक फुटतंच. एकेका थेंबाला नाव विचारत बसले तर जिना धुऊन कधी व्हायचा?"

"आणि नेमकं त्याच सकाळी तुम्हाला जिना धुवावासा वाटला."

"वाटायचं काय त्यात? पाळी होती."

तिच्या दाराच्या मुठीला पाळीची पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. ज्या दारावर पाटी, त्यानं शनिवारी सकाळी जिना धुवायचा आणि आठवडा भरला की पाटी पुढच्या दारावर नेऊन अडकवायची. आमच्याकडे माणूस तुरुंगात जाऊन आला तर लोक सांभाळून घेतात. पाळी चुकवली तर घेत नाहीत. लॉकहार्टनं त्या पाटीकडे नुसतं बघितलं. एखाद्या परक्या देशाचं नाणं बघावं तसं.

आर्ची म्हणाला, "साहेब, पाळी असली की ही माणसं धुणारच. माझी आई छातीत कफ भरलेला असताना धुवायची."

"गिलफिलन," लॉकहार्ट म्हणाले, "रक्त धुणारी आई. तुरुंगात राहून आलेला मुलगा. त्याची सोललेली बोटं. आठवड्यापूर्वी फुटबॉलवरून मयताशी झालेलं भांडण. अजून काय हवंय तुला, बँडबाजा?"

"बोटं कोळशाच्या पोत्यांनी सोलली आहेत."

"पोती हे साक्षीला येऊन सांगणार आहेत का?"

तेव्हा इसा पुढं झाली. शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, आणि खिडकीतून तिला मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी स्ट्रँग दिसला होता. रुमालानं हात पुसत होता. तिनं हे सगळं नीट, शांतपणे सांगितलं. लॉकहार्टनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलावर वेळ आली की आईला खिडकीतून काहीही दिसतं."

आणि त्यांनी आर्चीलाच सांगितलं, जेरार्डला बेड्या घाल. तिथं आणखी दोन पोलीस उभे होते. पण सांगितलं आर्चीला. हा माणूस आपला आहे की गल्लीचा, हे साहेबांना तपासून घ्यायचं होतं.

जेरार्डनं हात पुढं केले. म्हणाला, "माझ्या बापाच्या पेटीला तू खांदा दिला होतास, आर्ची."

आर्ची पुढं झाला. बेड्या घातल्या.

मी त्याला रस्त्यात गाठलं आणि जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, "मी नाही घातल्या तर दुसऱ्यानं घातल्या असत्या, आणि मी या केसमधून बाहेर पडलो असतो."

"बेड्या घालणारा प्रत्येक जण हेच म्हणत आलाय," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि गेला.

आठवड्याच्या आत त्याला तसंही केसमधून बाहेर काढलं. गुन्हेगार सापडलाय, आता दुकानफोडीकडे बघ, असा हुकूम झाला. बेड्याही घालून झाल्या आणि केसही गेली. जेरार्ड कच्च्या कैदेत, खटल्याच्या तारखेची वाट बघत. खुनाला जन्मठेप. आणि ती येणार होती ती आईनं पाळी चुकवली नाही म्हणून. इसा त्या दिवसांत खिडकीपाशी बसून असायची. मला म्हणायची, "घाण ठेवली असती तर माझा पोरगा घरी असता."

आमच्या स्कॉटलंडच्या कायद्यात एक गोष्ट आहे. एकट्याच्या साक्षीवर कुणाला शिक्षा होत नाही, साक्षीदार बिशप असला तरी. दुसऱ्या कुठल्यातरी तोंडानं किंवा पुराव्यानं त्याला दुजोरा मिळावा लागतो. इसाचं एकटीचं बोलणं, त्यात ती आई, म्हणजे सरकारी वकिलाच्या लेखी शून्य. स्ट्रँगला हात लावायचा तर दुसरं माणूस हवं होतं.

ते माणूस इसाच्या समोरच्या दारामागे होतं.

नेटा ऑक्टरलोनी. इसासारखीच विधवा, तेवढ्याच वयाची, तशीच ताठ. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, पण भांडण त्यावरून नव्हतं. नेटाचा नवरा वारला त्या आठवड्यात जिन्याची पाळी नेटाची होती. घरात मयत, बाई रडतेय, म्हणून इसानं तिच्याऐवजी जिना धुऊन टाकला. तिच्या मते उपकार. नेटानं अंत्ययात्रेला निघताना ओला जिना बघितला आणि तिला वाटलं, ही बाई साऱ्या गल्लीला सांगतेय की ऑक्टरलोनींच्या घराला पाळी पाळता येत नाही, तेही माझा माणूस घरातून निघायच्या दिवशी. त्या दिवसापासून दोघींत शब्द नाही. एकमेकींची वेळ चुकवून जिना उतरायच्या. नेटाकडची पाटी इसाच्या दारावर यायची ती दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलून टाकावा तशी.

त्या नेटानं एका बुधवारी हाऊजीच्या हॉलमध्ये, माझ्या शेजारी बसून, आकडे खोडता खोडता सांगितलं, "स्ट्रँगनं ह्यूगीला खाली नेताना मी बघितलं. दारातल्या भोकातून."

माझ्या हातातली पेन्सिल तिथंच थांबली. "आणि बोलली नाहीस?"

"विचारलं कोणी? एक पोरगेलासा पोलीस आला, म्हणाला काही बघितलंत का. मी म्हटलं नाही. पोलिसाला मी नाहीच म्हणते."

"नेटा, जेरार्ड आत आहे."

"तो इसाचा मुलगा आहे," ती म्हणाली. "इसानं बघावं."

मी आयुष्यात पोलिसाला कुणाबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी मी रुळांमागच्या पडीक जागेत जाऊन आर्चीला सांगितलं. तो शिडीवर उभा राहून खुराडं साफ करत होता. तिथूनच म्हणाला, "परत सांग. तिचेच शब्द." मी सांगितले. तो शिडीवरून उतरला, हात धुतले, आणि रविवारचं जेवण टाकून थेट नेटाकडे गेला. दोन तासांनी बाहेर आला तो पोटात पाच कप चहा आणि हातात काही नाही.

"ती म्हणते इसानं तिच्या दारात यावं," त्यानं मला सांगितलं. "दार वाजवावं, आणि जिना धुतल्याची माफी मागावी. मग ती जबाब देईल."

"मग इसा येईल. पोराचा प्रश्न आहे."

आर्ची कसल्यातरी विचारात होता. नीट उत्तर न देता "थांब जरा, काही करू नकोस" असं काहीतरी पुटपुटून निघून गेला. मी थांबणाऱ्यातली नाही.

मी इसाकडे गेले. ती आधी ऐकेना. "चांगलं केलं त्याची माफी मागू? तिच्या नवऱ्याच्या मयताला जिना चकचकीत होता तो माझ्यामुळं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे. मी तिला जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. पोरगा जन्मभर आत सडेल आणि तू इथं तुझं नाक पॉलिश करत बस, एवढं त्यातलं सभ्य. शेवटी ती उठली. ॲप्रन काढला, चर्चला जाताना घालते ती टोपी घातली, आणि जिन्याच्या फरशीवरून पलीकडच्या दारापाशी गेली. हात वर केला.

खालून आर्चीचा आवाज आला. तो माणूस मी कधी ओरडलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळा जिना दणाणला.

"मिसेस टुमेल्टी, हात खाली घ्या. त्या दाराला हात लावायचा नाही."

तो धापा टाकत वर आला. इसाच्या आणि दाराच्या मधे उभा राहिला. मी त्याच्यावर धावून गेले. म्हटलं, "एवढ्या वर्षांनी ही बाई नमायला तयार झालीय, आणि तू—"

"म्हणूनच," तो हळू आवाजात म्हणाला. "अक्कल चालव जरा. आज या दोघी बोलल्या, रडल्या, चहा प्यायल्या. उद्या कोर्टात स्ट्रँगचा वकील उभा राहून काय विचारेल? म्हाताऱ्या मैत्रिणी, समोरासमोर दारं, एकीच्या पोराला सोडवायचं म्हणून स्वयंपाकघरात बसून गोष्ट जुळवली. संपलं. दोन साक्षींची एक झाली. मी सरकारी वकिलाला घरी गाठून विचारून आलोय." मग इसाकडे वळला, टोपी काढली. "तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीत, हा या केसमधला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. मेहरबानी करून तो मोडू नका. आत जा. दार लावून घ्या."

इसानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, तिच्या चेहऱ्यावर जरा सुटका झाल्यासारखंही दिसलं. ती आत गेली.

मग आर्चीनं नेटाचं दार वाजवलं. नेटा अर्थातच भोकाला डोळा लावून उभी होती. दार लगेच उघडलं.

"आली होती ना?" नेटा म्हणाली. "मग गेली का?"

"मी घालवली."

"का?"

"तुम्ही तिला माफ कराल अशी भीती वाटली."

"मी? तिला?" नेटाला खरंच अपमान वाटला.

"मिसेस ऑक्टरलोनी, तुम्ही कोर्टात आलात तर तिच्याशी बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही. तिच्यासाठी येताय असं कुणाला वाटता कामा नये."

नेटानं समोरच्या बंद दाराकडे बघितलं. "म्हणजे हे तिच्यावर उपकार नाहीत."

"छे. उपकार असले तर साक्ष चालायचीच नाही."

"आणि भांडण?"

"खटला संपेपर्यंत सांभाळा. वाटलं तर थोडं वाढवा."

ती बाजूला झाली. "ये आत. टोपी तिथं ठेव. चहा टाकते."

"आधी जबाब," आर्ची म्हणाला. "मग चहा."

जबाब देताना नेटाचा ताठा मोडला. तो मोडलेला मी बघितला. ती म्हणाली, "त्यानं ह्यूगीच्या खांद्यावर हात टाकला होता. भावानं भावाला न्यावं तसा जिन्यावरून उतरवत होता. ह्यूगीचे पाय लटपटत होते. मला वाटलं, पुन्हा प्यायला लागला. मला राग आला त्याचा. मनात म्हटलं, समितीत भाषणं करतोस आणि हे धंदे. म्हणून दार उघडलं नाही." ती थोडा वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिली. "उघडलं असतं तर काय झालं असतं, आर्ची?"

"स्ट्रँगनं तुम्हालाही मारलं असतं," आर्ची म्हणाला. ते खरं होतं की तिच्यासाठी बोललेलं, मला आजही माहीत नाही.

म्हणजे पेपरवाल्यांनी, पोलिसांनी आणि शेजारणीनं, सगळ्यांनी ह्यूगीला दारुडाच ठरवून टाकलं होतं. स्ट्रँगला हे माहीत होतं. माणसाला अर्धमेला करून भर संध्याकाळी सगळ्यांच्या दारांवरून नेता येतं, फक्त तो गरीब आणि जुना पिणारा असला पाहिजे. कुणी दार उघडणार नाही.

तो जबाब सरकारी वकिलाकडे गेला आणि स्ट्रँगला उचलला. त्याच्या घरातल्या कोटाच्या अस्तरात ह्यूगीचं रक्त निघालं. शोधलं असतं तर ते पहिल्याच दिवशी निघालं असतं.

खटला पुढं काही महिन्यांनी उभा राहिला. तोही इथंच सांगून टाकते, म्हणजे मला जेरार्डकडे परत येता येईल. स्ट्रँगचा वकील एडिनबरोचा, केसांचा टोप घातलेला. त्यानं नेटाला गोड आवाजात विचारलं, "आपण आणि मिसेस टुमेल्टी इतकी वर्षं शेजारी. या विषयावर आपसात बोलणं झालंच असेल."

"माझा नवरा पुरला त्या दिवसापासून मी त्या बाईशी बोललेले नाही," नेटा म्हणाली.

"अस्सं. कारण कळेल?"

"तिनं माझ्या पाळीला जिना धुतला."

वकील हसला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. पण ज्युरीत बसलेले लोक ग्लासगोचे होते, जिन्यांवर वाढलेले. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर मान हलवली, म्हणजे मग बरोबरच आहे. स्ट्रँगला जन्मठेप झाली. मॉफॅटनं साक्षीत सांगितलं की मी फक्त भाडं आणायला सांगितलं होतं, आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरून आपल्या गाडीत बसून गेला. वर्षाच्या आत इमारत विकली. लॉकहार्ट साहेबांचा फोटो पेपरात आला, खाली ओळ: चिकाटीच्या तपासाला यश. ती चिकाटी कुणाची, हे विचारायला मी त्या पेपरच्या कचेरीत गेले, तर मला दरवाजावरच अडवलं.

आणि आर्ची? दुकानफोड्या सोडून, हुकूम मोडून, दुसऱ्याच्या केसमध्ये हात घातला म्हणून त्याची चौकशी झाली. एका निरपराध माणसाची जन्मठेप वाचवली हा त्या चौकशीत मुद्दाच नव्हता. त्याला तळघरात मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. चोरलेल्या सायकली आणि रक्ताळलेल्या सुऱ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, पेन्शनपर्यंत. मी म्हटलं, मोर्चा काढते. तो म्हणाला, "नको बाई. तू माझ्या बाजूनं एक घोषणा दिलीस तरी पेन्शनही जाईल."

जेरार्ड सुटला तो स्ट्रँगच्या अटकेनंतर, सकाळी. माफी नाही, चार ओळींचं पत्र नाही. एका कागदी पिशवीत त्याचे कपडे आणि पट्टा. इसानं मला पाठवलं होतं. ती स्वतः घरी खिमा शिजवत होती, कारण पोरगा घरी आल्यावर ताटात गरम काहीतरी हवं. मी तुरुंगाच्या फाटकाशी पोचले तर आर्ची आधीच उभा. सुट्टी टाकून, स्वतःची जुनी गाडी घेऊन, तोच तपकिरी कोट घालून.

जेरार्ड बाहेर आला. बारीक झाला होता. आर्चीनं गाडीचं दार उघडून धरलं.

"यानं तुला सोडवलंय," मी घाईघाईनं म्हटलं. "नोकरी पणाला लावलीय तुझ्यापायी."

जेरार्डनं माझ्याकडे बघितलंच नाही. "बेड्या तूच घातल्यास," तो आर्चीला म्हणाला.

"हो."

"मी केलं नाही हे तुला माहीत होतं?"

आर्चीला खोटं बोलता आलं असतं. "माहीत होतं," तो म्हणाला.

"तरी घातल्यास."

"घातल्या."

जेरार्डनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग मी चालत जातो."

"अरे, गोव्हनपर्यंत?" मी म्हटलं. "नदीपलीकडे जायचंय. पाय बघ तुझे. हा माणूस तुझ्यासाठी—"

"गप्प बैस," आर्ची मला म्हणाला. "बरोबर बोलतोय तो." त्यानं गाडीचं दार हळूच लावलं.

जेरार्ड चालू लागला. मी दोघांच्या मधे उभी. मग त्याच्या मागं गेले, कारण इसाला मी शब्द दिला होता. वळणावर मागं बघितलं तर आर्ची गाडीला टेकून तसाच उभा होता, टोपी हातात.

त्या फाटकाशी लॉकहार्ट यायला हवे होते. मॉफॅट यायला हवा होता, त्याच्या लांब गाडीतून. ह्यूगीला दारुडा म्हणणारा पेपरवाला यायला हवा होता, आणि बँडबाजा विचारणाऱ्या साहेबांनी तो बरोबर आणायला हवा होता. त्यांच्यातलं कुणी आलं नाही, आणि जेरार्ड कधी त्यांच्या दारापर्यंत पोचणारही नव्हता. ज्याच्या तोंडावर बोलता येईल असा सगळ्या सरकारातून एकच माणूस तिथं आला होता. म्हणून सगळ्यांच्या वाट्याचं त्यालाच ऐकावं लागलं.